जी बी आर-१ च्या काउलिंगमधलं वास्प इंजिन: १/३२ स्केलमध्ये नऊ सिलिंडर हाताने घडवताना

शर्यतीच्या विमानाचं मॉडेल समोरून पाहिलं जातं. लढाऊ विमानात नजर बंदुकांवर, बॉम्बवर, कॉकपिटवर वाटली जाते. १९३० च्या दशकातल्या अमेरिकन रेसरमध्ये मात्र पुढे भलंमोठं गोल तोंड असतं आणि त्यात बसलेलं रेडियल इंजिन, म्हणजे मध्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर मांडलेलं. इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या गोल वेष्टणाला काउलिंग म्हणतात. किटमध्ये त्या जागी बहुतेक वेळा चकतीवर उठवलेले नऊ उंचवटे येतात. बाहेरचा लाल-पांढरा रंग कितीही झकास जमला, तरी आत तो तवा दिसला की मॉडेल खेळण्यासारखं वाटतं.

इथे ग्रॅनव्हिल बंधूंचं जी बी आर-१ उदाहरणाला घेतलं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला १९३२ साली बनलेलं हे विमान ११ नंबर घेऊन उडवत जिमी डूलिटलने ३ सप्टेंबर १९३२ ला ताशी २९६ मैलांचा जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचा वेगविक्रम केला आणि दोनच दिवसांनी क्लीव्हलंडची थॉम्पसन ट्रॉफी शर्यत जिंकली. हीच पद्धत वेडेल-विल्यम्स किंवा हॉवर्डच्या ‘मिस्टर मलिगन’ या रेसरलाही चालते, फक्त मापं बदलतात.

आधी ठरवा: कोणतं विमान, कोणतं साल

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. आर-१ मध्ये १९३२ साली प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं आर-१३४० वास्प इंजिन होतं. त्याचं जुळं भावंड आर-२, नंबर ७, बेंडिक्सच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी होतं, म्हणून त्यात कमी इंधन खाणारं छोटं आर-९८५ वास्प ज्युनिअर बसवलं होतं. दोन्ही नऊ सिलिंडरची आणि दिसायला सख्खी भावंडं, पण व्यासात फरक मोठा. वास्पचा व्यास ५१.७५ इंच, म्हणजे १३१४ मिमी. ज्युनिअरचा ४६.२५ इंच, म्हणजे ११७५ मिमी. १/३२ स्केलमध्ये हे ४१.१ आणि ३६.७ मिमी होतात. साडेचार मिमीचा हा फरक काउलिंगच्या तोंडातून सरळ दिसतो. १९३३ च्या मोसमात दोन्ही विमानांची इंजिनं बदलली, त्यामुळे त्या सालचं मॉडेल करायचं असेल तर सगळं गणित पुन्हा करा.

वास्पसाठी १/४८ मध्ये २७.४ मिमी आणि १/७२ मध्ये १८.३ मिमी व्यास धरा. १/७२ मध्ये मात्र खाली सांगितलेलं सगळं करू नका. पुशरॉड (झडपा हलवणाऱ्या दांड्यांच्या नळ्या) आणि स्पार्क प्लगच्या तारा एवढंच घाला, बाकीचं काम रंगावर सोडा.

फोटोंसाठी सर्वात सोपा आधार म्हणजे हार्वर्ड, म्हणजेच टी-६ प्रशिक्षण विमान. त्यात आर-१३४० च आहे. भारतीय हवाई दलाने हार्वर्ड आणि ऑटर ही दोन्ही विमानं वापरली आणि ऑटरमध्येही हेच इंजिन. जवळून काढलेले फोटो त्यामुळे भरपूर मिळतात. पण हार्वर्डचं इंजिन नंतरच्या घडणीचं आहे. त्याच्या नाकावर बसलेला प्रोपेलरचा गव्हर्नर १९३२ च्या इंजिनावर चढवू नका. इग्निशनच्या तारांची मांडणीही पिढीगणिक बदलली. रचना समजून घ्यायला हार्वर्ड बघा, नक्कल मात्र त्या सालच्या फोटोची करा.

मोजमाप काउलिंगपासून

काउलिंगचा आतला व्यास व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. तीन ठिकाणी अशासाठी, की किटचं काउलिंग अनेकदा दोन अर्ध्या भागांचं असतं आणि चिकटवल्यावर थोडं अंडाकृती होतं.

आता खरी अडचण. खऱ्या काउलिंगचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. किटची भिंतही एक मिमीची, पण १/३२ मध्ये त्याचा अर्थ ३२ मिमी जाडीचा पत्रा असा होतो. बाहेरचं माप बरोबर ठेवलं की आतली जागा दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ दोन मिमीने कमी भरते. इंजिन नेमकं ४१.१ मिमीचं केलंत तर ते आत जाणारच नाही, किंवा सिलिंडरच्या माथ्यावरचे रॉकर बॉक्स (झडपांच्या यंत्रणेचे डबे) भिंतीला घासतील. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही थोडे-थोडे करायचे. गोल पात्याची सुरी आडवी धरून काउलिंग आतून खरवडा, निदान पुढच्या ओठाजवळचे पाच-सहा मिमी. मागे दिवा धरा. प्लास्टिक सगळीकडे सारखंच उजळलं की थांबा. अर्ध्या मिमीच्या खाली जाऊ नका, ओठ लाटांसारखा होतो. मग इंजिनाचा व्यास ‘आतला व्यास वजा ०.६ मिमी’ एवढा ठेवा. समजा आत ४०.६ मिमी मिळाले, तर इंजिन ४० मिमीचं. ही काटछाट सिलिंडरच्या उंचीत करा, क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडर ज्यावर बसतात त्या मधल्या डब्यात, नाही. अर्धा मिमी बुटका सिलिंडर कोणाच्या लक्षात येत नाही. क्रँककेस लहान झाला तर सिलिंडर बुडाशी एकमेकांना भिडतात.

सामान

४.८ मिमीची गोल प्लास्टिक कांडी, साधारण १५ सेंमी. नाही मिळाली तर ४.५ मिमीची विणकामाची प्लास्टिक सुई. ०.२५ आणि १ मिमी जाडीची प्लास्टिक शीट. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून एनॅमल चढवलेली तांब्याची तार: ३६ गेज (०.१९ मिमी) सहा-सात मीटर, ३८ गेज (०.१५ मिमी) मीटरभर, २४ गेज (०.५६ मिमी) अर्धा मीटर. हा माणूस तार वजनावर विकतो. रिळाच्या तळाशी उरलेली मागितली तर बहुतेकदा चहाच्या पैशात काम होतं. १.५ मिमीच्या आसपासची सोल्डरची तार. एक मिमीचं ड्रिल आणि ते धरायचं हातड्रिल. कागदाला लावायच्या क्लिपा, ज्यांची तार साधारण एक मिमीची असते. कागद पंच करायचं यंत्र, ज्याचं भोक सहा मिमीच्या आसपास पडतं, आणि चामड्याला भोकं पाडायचा फिरत्या चाकाचा पंच. पातळ सुपर ग्लू, पाच मिनिटांचं इपॉक्सी, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, बारीक दातांची करवत, चिमटा.

क्रँककेस

कागदावर एक बिंदू काढा आणि कोनमापकाने दर ४० अंशांवर रेघ ओढा: ०, ४०, ८० असं करत ३२० पर्यंत. हा कागद पुढे शेवटपर्यंत लागणार आहे, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा.

१ मिमी शीटचे सहा तुकडे चिकटवून ठोकळा करा आणि त्यातून नऊ बाजूंचा बहुकोन कापा, सगळ्या सपाट बाजूंना आतून टेकणारं १६ मिमीचं वर्तुळ बसेल असा. सपाट बाजूची रुंदी म्हणजे त्या वर्तुळाचा व्यास गुणिले ०.३६४. सोळाला ती ५.८ मिमी येते. तार गुंडाळलेला सिलिंडर ५.२ मिमीचा होणार, म्हणजे दोन्ही अंगांना ०.३ मिमी मोकळे. एवढी फट हवीच. दुसऱ्या स्केलला जाताना हाच गुणाकार करा. रुंदी सिलिंडरपेक्षा कमी आली तर कांडी बारीक घ्या.

प्रत्येक सपाट बाजूच्या बरोबर मध्ये एक मिमीचं भोक, तीन मिमी खोल. इथे हात जरा तिरका गेला तर सिलिंडर वाकडा उभा राहतो आणि नऊमधला एक वाकडा सिलिंडर सगळ्यात आधी दिसतो. भोक पाडून झालं की त्यात लांब पिन घालून ठोकळा कोनाच्या कागदावर ठेवा. पिनची सावली रेघेवर पडते का ते दिवा वर धरून पाहा. नाही पडली तर भोक बुजवून नव्याने पाडा, वाकवून जमवू नका.

मध्यभागी प्रोपेलरच्या दांड्यासाठी दोन मिमीचं आरपार भोक. पुढचं नाक बुटकं आणि गोलसर असतं, कारण बिनगिअरच्या वास्पला पुढे गिअरचा डबा नसतो. मोठा अर्धगोल मणी किंवा प्लास्टिकच्या चमच्याचा खोलगट भाग कापून ते करता येतं. नाकाच्या कडेने नट दाखवायचे असतील तर ०.५ मिमीच्या प्लास्टिक काडीचे पातळ काप टूथपिकच्या ओल्या टोकाने उचलून ठेवा.

ब्लॉक: दोन तारा, एक काढायची

स्कूटरच्या भाषेत बोलायचं तर सिलिंडरचे दोन भाग. खाली ब्लॉक, वर हेड. वास्पचा ब्लॉक स्टीलचा, त्याच्या फिन, म्हणजे हवेने थंड व्हायच्या पात्या, बारीक आणि दाट. हेड ओतीव ॲल्युमिनियमचं, त्याच्या फिन खोल आणि जास्त रुंद. किटमध्ये दोन्हीकडे सारख्याच रेघा असतात. डोळ्याला ‘काहीतरी चुकलंय’ असं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ब्लॉकच्या फिनसाठी ३६ गेजच्या दोन तारा एकदम गुंडाळायच्या. नुसती एकच तार खेटून गुंडाळली तर फटी राहत नाहीत आणि गुळगुळीत नळी दिसते. अंतर सोडून एकच तार गुंडाळायला गेलात तर अंतर सारखं राहत नाही. दोन तारा शेजारी-शेजारी, खेटून, एकदम गुंडाळा आणि मग त्यातली एक उलगडून काढून घ्या. उरलेल्या तारेत बरोबर एका तारेएवढी फट आपोआप मिळते.

सिलिंडर एकेक करून नका बनवू. ४.८ मिमीची अख्खी कांडी घ्या, तिच्या एका टोकाला ०.५ मिमीचं भोक पाडून दोन्ही तारांची टोकं त्यात अडकवा. दुसरी टोकं जड चिमट्यात धरून खाली लोंबू द्या, म्हणजे ताण सारखा राहतो. आता कांडी फिरवत जा, तारा मात्र फिरवू नका. सुमारे साडेसात सेंमी लांबी भरेपर्यंत. एनॅमलसह दोन तारांची जोडी अंदाजे ०.४४ मिमी जागा घेते, म्हणजे १७० वेढे. त्याला प्रत्येक तार पावणेतीन मीटर लागते, धरायला मिळून तीन घ्या. एवढ्यात नऊ सिलिंडर आणि वर दोन जादा निघतात. ते जादा दोन लागतातच.

एक तार दुसरीवर चढली तर तिथेच थांबा आणि मागे या. पुढे गेलात तर तो उंचवटा प्रत्येक वेढ्यात पुढे सरकत जातो.

शेवटच्या टोकाला दोन्ही तारांवर ग्लूचा एकच थेंब. वाळला की दुसऱ्या तारेचं टोक कापून मोकळं करा आणि कांडी उलटी फिरवत ती तार बाजूला, कांडीला काटकोनात, सोडवत जा. वर उचलून ओढलीत तर शेजारची तारही उठते. आणि ग्लू आता, तार काढून झाल्यावर. आधी लावलात तर दोन्ही तारा कायमच्या एक होतात.

ग्लू सुईच्या टोकावर घेऊन कांडीच्या लांबीने चार रेघा ओढा, चार दिशांना. थेंब टाकून वाहू दिलात तर फटी भरून जातात आणि सगळी मेहनत गुळगुळीत होते. असीटोनने तो काढायला जाऊ नका, खालचं प्लास्टिकच विरघळतं. भरलेला तुकडा टाकून द्या.

रात्रभर ठेवून मग करवतीने ६ मिमीचे तुकडे कापा. काउलिंगसाठी उंची कमी करायची असेल तर ती इथेच करा, ६ च्या जागी ५.५. प्रत्येक तुकड्याचा खालचा एक वेढा काढून टाका, तिथे क्रँककेसवर बसणारी कॉलर दिसते. मग मध्यातून आरपार एक मिमीचं भोक.

हेड

०.२५ शीटमधून कागदाच्या पंचने सहा मिमीच्या चकत्या पाडा आणि चामड्याच्या पंचने ४.५ मिमीच्या. एका हेडला आठ मोठ्या आणि त्यांच्यामध्ये सात छोट्या, मिळून पावणेचार मिमी. नऊ हेडना ७२ आणि ६३ लागतात, पण शंभर-शंभर पाडा. काही पंचमध्ये दबून वाकतात, काही जमिनीवर पडून कायमच्या गायब होतात.

प्रत्येक चकतीत एक मिमीचं भोक मध्यात पाडणं हे काम डोळ्यांनी होत नाही. १ मिमी शीटच्या तुकड्यात त्याच पंचने सहा मिमीचं भोक पाडा, त्याखाली दुसरी शीट चिकटवा आणि खोबणीच्या मध्यात एक मिमीचं भोक काढा. आता चकती खोबणीत ठेवायची, वरून दाबायची, उलटी करून खालच्या भोकातून ड्रिल घालायचं. छोट्या चकत्यांना वेगळी खोबण.

सरळ केलेल्या क्लिपच्या तारेवर मोठी-छोटी अशा चकत्या ओवा, प्रत्येकीमध्ये प्लास्टिक सिमेंटचा हलका स्पर्श. सुकल्यावर तार मिनी ड्रिलमध्ये अडकवून सर्वात कमी वेगावर फिरवा आणि ८०० चा पॉलिश पेपर नुसता टेकवा. डोळ्यांवर चष्मा हवा. भोक थोडं मध्याबाहेर गेलेल्या चकत्या यात सारख्या होतात. दाबलात तर प्लास्टिक तापून फिन एकमेकींना चिकटतात.

शेवटी ब्लॉक आणि हेड एकाच १५ मिमी तारेवर बसतात. तारेचे तीन मिमी क्रँककेसमध्ये जातात.

एवढं सगळं नऊ वेळा करायचा कंटाळा येणं स्वाभाविक आहे. एक सिलिंडर मनासारखा झाला की त्याचा सिलिकॉनचा साचा करून रेझिनच्या नऊ प्रती काढता येतात आणि त्या एकमेकींसारख्या तरी असतात. त्यात एक धोका: बारीक फिनच्या फटीत हवेचे बुडबुडे अडकतात. साच्यात आधी ब्रशने रेझिनचा पातळ थर फिरवा, मग ओता. रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवरही सिलिंडर उत्तम निघतात, फक्त तो उभा न छापता तिरका छापा, नाहीतर फिनच्या खालच्या बाजूला आधाराच्या काड्यांचे व्रण राहतात.

रॉकर बॉक्स, पुशरॉड, मागचे पाइप

हेडच्या माथ्यावर दोन रॉकर बॉक्स, एक आत येणाऱ्या हवेच्या झडपेचा, एक धुराच्या. २ बाय १.५ मिमीच्या पट्टीचे अडीच मिमी लांबीचे १८ तुकडे कापा, वरच्या कडा गोल करा आणि समोरून पाहिल्यावर ते बाहेर फाकलेले दिसतील असे चिकटवा. त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या पुशरॉडच्या नळ्या क्रँककेसच्या पुढच्या भागातून निघतात आणि वर जाताना इंग्रजी ‘व्ही’सारख्या फाकतात. वास्पमध्ये त्या सिलिंडरच्या पुढे असतात, त्यामुळे काउलिंगच्या तोंडातून सगळ्यात ठळक दिसणारी गोष्ट हीच. १८ नळ्या.

२४ गेजची तार सरळ करायला ती दोन फरश्यांच्या तुकड्यांमध्ये ठेवून वरचा तुकडा पुढेमागे फिरवा. हाताने ताणून सरळ केलेल्या तारेत बारीक लाट राहते आणि रंग लागल्यावर ती उठून दिसते. एकाच सिलिंडरवर दोन्ही नळ्यांची लांबी जमवा आणि मग त्यांच्या मापाने बाकी सोळा कापा. एखादी कमी पडली तर ती ताणून बसवू नका. तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा उंच झाला आहे, खाली कॉलरपाशी घासून घ्या.

पुशरॉडच्या नळीचा पाया बसायच्या जागी क्रँककेसवर ०.६ मिमीची भोकं पाडली तर नळी उगवल्यासारखी दिसते. नुसती टेकवून चिकटवली तर सांध्यावर ग्लूचा मणी राहतो.

सिलिंडरांमधल्या फटीतून मागे सुपरचार्जरकडून (हवा दाबून देणाऱ्या पंख्याकडून) प्रत्येक सिलिंडरला जाणारा एकेक हवेचा पाइप अंधुक दिसतो. त्यासाठी सोल्डरची तार, कारण ती वाकवली तशी राहते. नऊ तुकडे, एकाच पेन्सिलवर वाकवलेले. मागे ३६ मिमीची काळी चकती लावा. ती नसेल तर फटीतून किटच्या फायरवॉलचं (इंजिनामागच्या भिंतीचं) कोरं प्लास्टिक दिसतं आणि खोलीचा भास संपतो. धुराचे पाइप आणि कार्ब्युरेटर करत बसू नका. काउलिंग बसल्यावर ते कोणाला दिसणार नाही.

वरचा सिलिंडर कोणता

नऊ सिलिंडरच्या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर बरोबर वर, बारा वाजता असतो. म्हणजे बरोबर खाली सिलिंडर नसतो, तिथे पाच आणि सहाच्या मध्ये फट असते. वास्पचा तेलाचा सम्प (तेल साचायचा डबा) याच फटीत बसतो. इंजिन उलटं, म्हणजे खाली सिलिंडर आणि वर फट असं बसवलेली मॉडेलं वारंवार दिसतात. क्रमांक मागून, वैमानिकाच्या बाजूने पाहून घड्याळाच्या दिशेने मोजतात, म्हणून समोरच्या फोटोत ते उलटे जातात. माहितीपुस्तिकेतलं ‘तीन नंबर’ शोधताना घोळ होतो तो इथे.

इग्निशनच्या तारा

प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक पुढे, एक मागे. एकूण १८. करायचे फक्त पुढचे नऊ. ०.५ मिमीच्या काडीचा एक मिमीचा तुकडा म्हणजे प्लग आणि त्यातून निघणारी ३८ गेजची तार. तारा जिथून फुटतात ते गोल कडं कुठे आहे, ते त्या सालच्या फोटोत बघून ठरवा.

तारा खऱ्या वाटण्याचं सूत्र एकच: नऊही सारख्या वळणाच्या हव्यात. खऱ्या इंजिनात त्या क्लिपने बांधलेल्या असतात, वाऱ्यात लोंबत नाहीत. दोन मिमीच्या ड्रिलच्या दांड्यावर तार स्प्रिंगसारखी गुंडाळा आणि त्या स्प्रिंगचे तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याला तंतोतंत तोच बाक मिळतो. फ्लॅट काळ्या रंगाने हलके रंगवा, प्लगच्या टोकाला पितळी ठिपका. जाड तार घ्यायचा मोह आवरा. ०.३ मिमीच्या वरची तार १/३२ मध्ये पाण्याच्या होजसारखी दिसते.

रंग

सगळं एकदम जोडून मग रंगवायला गेलात तर ब्रश मागे पोहोचत नाही. सिलिंडर, क्रँककेस, पुशरॉड असे वेगळे रंगवा, चिकटवायच्या जागा मास्किंग टेपने झाका. तांब्यावर आणि प्लास्टिकवर रंग सारखा धरत नाही, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुणं आणि मग प्राइमर. हे टाळलं तर फिनच्या कडांवरून रंग सोलून तांबं चमकतं.

ब्लॉकला गडद, किंचित चमकदार काळा. हेडही काळंच होतं की ॲल्युमिनियम रंगाचं, ते फोटोत बघा. ॲल्युमिनियम असेल तरी चंदेरी डब्यातला रंग तसाच वापरू नका, त्यात काळ्याचा एक थेंब घाला. शुद्ध चंदेरी रंग या मापाला पन्नीसारखा दिसतो. क्रँककेसला करडा, ब्लॉकपेक्षा ठळक फिका. या दोन छटांतला फरक जितका स्पष्ट, तितके तोंडातून सिलिंडर सुटे दिसतात.

ग्लॉस वार्निशचा हात देऊन मग वॉश: एक भाग तेलरंगाचा काळपट तपकिरी, दहा भाग पातळ करायचं तेल. फिनच्या फटीत तो आपोआप धावतो. ग्लॉस न देता वॉश लावला तर तो पृष्ठभागात मुरतो आणि सगळा सिलिंडर मळकट होतो. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिनच्या कडांवर स्टीलचा रंग, दिसेल न दिसेल एवढा.

पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोवा भागात लॅकरचा स्प्रे मारलात तर रंगावर पांढरं धुकं येतं. हवेतला ओलावा रंगात अडकतो. जुलैत ब्रशने लावायचे ॲक्रिलिक बरे, नाहीतर खोलीत एसी किंवा दिवा लावून तासभर हवा कोरडी करून घ्या.

डागांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. शर्यतीचं विमान आदल्या रात्री पुसून चकचकीत केलेलं असे. युद्धातल्या विमानासारखी काजळी इथे शोभत नाही. तेल मात्र खोटं नाही. आर-२ चं १९३२ च्या बेंडिक्समधलं चौथ्या क्रमांकावर घसरणं तेलगळतीमुळेच झालं. दोन-तीन रॉकर बॉक्सच्या खालच्या बाजूला चकचकीत तपकिरी रंगाचा केसाएवढा ओघळ पुरे. ओघळ हवेच्या दिशेने, म्हणजे मागे जातो, जमिनीकडे नाही.

बसवणं

काउलिंगची आतली बाजू ॲल्युमिनियम रंगाची करा. बाहेरचा लाल आत ओठापर्यंतच वळतो. इंजिन फायरवॉलवर सुपर ग्लूने लावू नका, कारण ते जागेवर फिरवून एक नंबरचा सिलिंडर शेपटीच्या उभ्या पंखाशी जुळवायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. पाच मिनिटांचं इपॉक्सी वापरा. समोरून एका डोळ्याने पाहा: वरचा सिलिंडर, मधला दांडा आणि मागचा उभा पंख एका रेषेत आले पाहिजेत. मग काउलिंग न चिकटवता नुसतं सरकवून बघा. सगळे रॉकर बॉक्स कडेपासून सारख्या अंतरावर दिसतात का ते पाहा. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर इंजिन मध्यावर नाही. इपॉक्सी अजून मऊ असेल तोवर ते सरकवता येतं.

दांड्याला दोन मिमीच्या आतली पितळी नळी दिली तर प्रोपेलर फिरतो आणि काढताही येतो. सुपर ग्लूची वाफ कॉकपिटच्या काचेवर पांढरा थर धरते, म्हणून काच सर्वात शेवटी, इंजिनाचं सगळं काम संपून एक दिवस उलटल्यावर बसवा. आणि काउलिंग कायमचं चिकटवायची घाई नको. त्याच्या आतल्या बाजूला तीन ठिकाणी ०.२५ शीटच्या पट्ट्या लावून ते घट्ट सरकेल असं ठेवा. एखादा पुशरॉड सुटून काउलिंगच्या तळाशी खुळखुळायला लागतो तो बहुतेक वेळा प्रदर्शनाला नेताना, आणि तेव्हा ते उघडता यायला हवं.